दिसतंय तर बोलायचं कशाला?

पाटोद्याच्या आकाशाला मनोरा नाही. बीड जिल्ह्यातून प्रवासी विमान सुटत नाही. उत्तरेला चिकलठाण्याचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे एकशेवीस किलोमीटर आणि नैर्ऋत्येला बारामतीची धावपट्टी शंभरेक किलोमीटर. मांजरा जिथे उगम पावते त्या बालाघाटाच्या डोंगरांवरून एखादं लहान विमान कमी उंचीवरून गेलंच, तर पोरं अजूनही अंगणात येऊन वर बघतात. इथल्या लोकांच्या आठवणीतली विमानं मोजकीच आहेत. एक म्हणजे २०१५ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृत्रिम पावसासाठी चिकलठाण्याहून उडालेली, दुसरी म्हणजे सभा-मेळाव्यांना नेत्यांना घेऊन येणारी हेलिकॉप्टर.

अशा रिकाम्या आकाशात, नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्या वैमानिकाने रेडिओवर बोलायचं तरी कुणाशी आणि कशाला? या प्रश्नावरून पाटोद्यातल्या एका घरात मामा-भाचीची जुंपली. मामा विमानतळ प्राधिकरणातून निवृत्त झालेले हवाई वाहतूक नियंत्रक. उभी नोकरी कानाला हेडफोन लावून गेलेली. भाची राज्यातल्याच एका प्रशिक्षण संस्थेत चार आसनांचं सेस्ना उडवायला शिकते आहे आणि एकटीने लांबचं उड्डाण करायची तिची पाळी आता जवळ आली आहे.

“मामा, नियमाचं नावच बघा ना,” भाचीने सुरुवात केली. “व्हिज्युअल फ्लाइट रूल्स. बघून उडायचं. दहा हजार फुटांच्या खाली निदान पाच किलोमीटर दिसलं पाहिजे. ढगापासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट लांब राहायचं. एवढं स्वच्छ असेल तरच मी उडणार. मग दिसतंय तर बोलायचं कशाला? शिवाय मनोरा काही मला दुसऱ्या विमानापासून लांब ठेवत नाही. तो एवढंच सांगतो की अमक्या ठिकाणी अमकं विमान आहे. टाळायची जबाबदारी माझीच.”

इथे तिचं म्हणणं पुस्तकाला धरून आहे. विमानात बसणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की मनोऱ्यातला माणूस दोरी ओढतो आणि विमानं हलतात. प्रत्यक्षात ज्या हवाई क्षेत्राला ‘डी’ वर्ग म्हणतात, तिथे नियंत्रक उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांना एकमेकांपासून अंतर राखून देतो. बघून उडणाऱ्याला मात्र तो इतर वाहतुकीची नुसती माहिती देतो. परवानगी त्याची आणि डोळे वैमानिकाचे, अशी ही वाटणी आहे.

“बरोबर,” मामा म्हणाले. “पण ‘अमक्या ठिकाणी अमकं विमान आहे’ हे मी सांगणार कशावरून? त्यानं मला सांगितलं म्हणूनच ना? लहान धावपट्टीवर रडार नसतं. मनोऱ्यातल्या माणसाजवळ एक खिडकी, एक दुर्बीण आणि लोकांनी रेडिओवर सांगितलेलं, एवढंच असतं. सौताड्याच्या घाटात एसटीचा ड्रायव्हर वळणावर हॉर्न मारतो, तो कुणाची परवानगी मागायला मारतो का? मी आलोय, एवढंच सांगतो. तू गप्प बसलीस तर नुकसान तुझं एकटीचं नाही, पलीकडून येणाऱ्याचंही आहे.”

“पण जेआरडी टाटांच्या विमानात कुठं रेडिओ होता? १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले, जुहूला उतरले. ना रेडिओ, ना कसलं दिशादर्शक यंत्र. पोचलेच की!”

“पोचले. कारण त्या दिवशी त्या वाटेवर दुसरं कोण होतं? आता जुहूवर हेलिकॉप्टरांची रांग असते आणि शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ. जेआरडींसारखं उडायचं तर जेआरडींचं आकाशही आण म्हणजे झालं.”

भाची हसली, पण मागे हटली नाही. तिच्या मते डोळ्यांना कमी लेखण्याची नियंत्रकांना सवयच असते.

मामांनी मग कागद घेतला. दोन सेस्ना, दोन्ही शंभर नॉटने समोरासमोर येत आहेत असं धरलं, तर त्यांच्यातलं अंतर ताशी सुमारे ३७० किलोमीटरने कमी होतं, म्हणजे सेकंदाला शंभर मीटरहून थोडं जास्त. नियमाने मागितलेली पाच किलोमीटरची दृश्यमानता पन्नास सेकंदांत संपते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आपल्या मार्गदर्शक पत्रकात धरलेला हिशोब असा की समोरचा ठिपका दिसणं, ते विमान आहे हे कळणं, टक्कर होणार हे उमगणं, कुठे वळायचं ते ठरवणं आणि प्रत्यक्ष विमान वळणं, या सगळ्याला साडेबारा सेकंद लागतात. म्हणजे सव्वा किलोमीटर तर तिथेच गेलं. आणि पाच किलोमीटरवरचं सेस्ना केवढं दिसतं? जवळपास दिसतच नाही. त्यात आणखी एक वाईट गोष्ट अशी की, जे विमान खरोखर आपल्यावर येत असतं ते काचेवर सरकत नाही. ते एका जागी स्थिर राहतं आणि शेवटी एकदम मोठं होतं. डोळा टिपतो हालचाल, आणि नेमक्या याच विमानाला हालचाल नसते.

“हे सगळं मान्य,” भाची म्हणाली. “पण मग तुमच्या रेडिओचं बघू. हडसन नदीवरचा अपघात तुम्हीच आम्हाला सांगितला होतात.”

८ ऑगस्ट २००९. न्यूयॉर्कजवळ टेटरबरो विमानतळावरून एक लहान पायपर विमान निघालं आणि हडसन नदीवर पर्यटकांना फिरवणाऱ्या हेलिकॉप्टरवर आदळलं. दोन्हींतले मिळून नऊ जण गेले. हवा स्वच्छ होती. नदीवरच्या त्या पट्ट्यात बघून उडणाऱ्यांनी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगत जायची, अशी पद्धत होती. पायपरच्या वैमानिकाला टेटरबरोच्या नियंत्रकाने पुढच्या विमानतळाची फ्रिक्वेन्सी दिली. वैमानिकाने ती परत म्हणताना आकडा चुकवला आणि ती चूक कुणी दुरुस्त केली नाही. टेटरबरोचा नियंत्रक त्या सुमारास कामाशी संबंध नसलेल्या फोनवर बोलत होता. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आपल्या निष्कर्षात त्या फोनचा उल्लेख केला आणि त्याचबरोबर ‘बघा आणि टाळा’ या पद्धतीच्या मूळ मर्यादेचाही केला.

“म्हणजे बघा,” भाचीचा मुद्दा असा होता, “तो माणूस तुमच्या भरवशावर एका फ्रिक्वेन्सीवरून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायच्या नादात होता. कुणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे असं वाटलं की डोळे ढिले पडतात. रेडिओ नसता तर त्यानं मान वळवून तरी बघितलं असतं.”

“किंवा तो आकडा बरोबर म्हटला असता तर कुणीतरी सांगितलं असतं, पुढं हेलिकॉप्टर आहे.”

हा अपघात दोघांपैकी कुणाच्याच बाजूने पूर्ण साक्ष देत नाही. नऊ माणसं गेली ती डोळा आणि कान दोन्ही एकाच वेळी चुकल्यामुळे. त्यातून एकच बाजू उचलायची म्हटलं तर भाचीपेक्षा मामांचा आग्रह जरा जास्त पटतो, कारण डोळ्याची मर्यादा शरीराची आहे, ती सरावाने थोडीच कमी होते. आकडा नीट परत म्हणणं मात्र सरावाचंच काम आहे.

पण भाचीजवळ पाटोद्याचा हुकमी मुद्दा होताच. “ठीक आहे, बोलायचं. पण इथं बोलणार कुणाशी? समजा मी हजार फुटांवरून पाटोद्यावरून जातेय. चिकलठाण्याला हाक मारली तर ऐकू जाईल का?”

“नाही जाणार,” मामांनी लगेच कबूल केलं.

विमानाचा रेडिओ व्हीएचएफ लहरींवर चालतो आणि या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईआड गेलेल्याला त्या सापडत नाहीत. वैमानिक यासाठी एक सोपा हिशोब शिकतात. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.२३ ने गुणायचं. उत्तर येतं सागरी मैलांत. हजार फुटांवर ते सुमारे ३९ सागरी मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. चिकलठाणा त्याच्या फार पलीकडे. तीच भाची ३६०० फुटांवर गेली तर पल्ला ७४ सागरी मैलांवर, म्हणजे १३७ किलोमीटरवर जातो, आणि मधे डोंगर आडवा आला नाही तर आवाज पोचतो. बालाघाटाच्या माथ्यालगत खालून उडणारा वैमानिक रेडिओच्या दृष्टीने विहिरीत बोलत असतो.

“मग गप्प बसणं काय वाईट?”

“कामून गप्प बसायचं? तुझ्या डोक्यावरून दहा किलोमीटरवरून जेट जातंय ना? त्याला तू दिसत नाहीस, पण तुझा आवाज त्याला ऐकू जातो. एवढ्या उंचीवरून त्याची नजर फार लांबवर पोचते. मोठी विमानं १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ऐकत जातात. तू अडचणीत असलीस आणि तिथं बोललीस, तर तो जेटवाला तुझा निरोप मुंबईला पोचवतो. आणि अडचण नसली तरी निघायच्या आधी आणि वाटेत जिथं जिथं आवाज पोचतो तिथं तुझी जागा सांगून ठेव. तू ठरल्या वेळी बोलली नाहीस किंवा पोचली नाहीस, तर अर्ध्या तासानं यंत्रणेत पहिला इशारा चालू होतो. मग शोध घ्यायचा कुठून? तू शेवटचं जिथं बोललीस तिथून. शेवटचं बोलणं शिर्डीजवळचं असेल आणि तू पाटोद्याच्या डोंगरात उतरलीस, तर मधला सगळा मुलूख धुंडाळावा लागेल, लेकरा.”

यावर भाचीने थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही.

अमेरिकेत मोठ्या शहरांपासून लांब, अनियंत्रित हवाई क्षेत्रात बघून उडणारा माणूस दिवसभर कुणाशीही न बोलता उडू शकतो. भारतात तसं नाही. इथे लांबच्या उड्डाणाआधी उड्डाण आराखडा द्यावा लागतो, हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक घ्यावा लागतो, उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांकही घ्यावा लागतो. शिवाय बघून उडणाऱ्याला १५० व्या उड्डाणपातळीच्या, म्हणजे साधारण पंधरा हजार फुटांच्या वर जाता येत नाही. भाचीला हा सगळा कारकुनी कारभार वाटतो. मामा तिला १७ डिसेंबर १९९५ ची आठवण देतात. त्या रात्री एका परदेशी मालवाहू विमानाने पश्चिम बंगालमधल्या पुरुलियावर शस्त्रांच्या पेट्या टाकल्या होत्या. अनोळखी ठिपका कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडे नुसत्या टकरीपुरता नसतो.

खरी ठिणगी पडली ती मात्र इंग्रजीवरून.

“तुम्हाला खरं सांगू? आमच्यातल्या निम्म्या पोरांना विमानाची भीती नाही, बटण दाबायची भीती आहे. मनोरा भराभरा बोलतो, पोरगं गोंधळतं. पुन्हा विचारायची लाज वाटते म्हणून ‘रॉजर’ म्हणून मोकळं होतं. बीड-लातूरकडची पोरं तर घरून वाक्यं पाठ करून येतात. आणि त्या नादात बाहेर बघायचं राहून जातं. धावपट्टीच्या चौकोनी फेरीत पाच विमानं आणि सगळ्यांचे डोळे रेडिओच्या डब्याकडे. यापेक्षा मराठीत बोलू द्या. फ्रान्समध्ये फ्रेंच चालतंच की.”

तिचं ऐकीव नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत जमिनीवरच्या केंद्राची भाषा चालते. इंग्रजीही उपलब्ध असली पाहिजे, एवढंच. कॅनडात क्युबेकमध्ये फ्रेंच वापरण्यावरून १९७६ मध्ये वैमानिकांनी संप केला होता. पुढे १९७९ मध्ये चौकशी आयोगाने दोन भाषांमुळे सुरक्षेला बाधा येत नाही असं सांगितलं.

मामांना हे ठाऊक होतं. त्यांचा आक्षेप वेगळा होता. “फ्रिक्वेन्सीवर तू एकट्या मनोऱ्याशी बोलत नसतेस. सगळे ऐकत असतात. केरळचा पोरगा, मणिपूरची पोरगी, दिल्लीचा प्रशिक्षक. तू ‘शेवटच्या टप्प्यावर आहे’ हे मराठीत म्हणालीस तर मला कळेल, तुझ्या मागून येणाऱ्याला नाही. आणि तुला इंग्रजी यायची गरजच नाही. तुला शंभरेक ठरीव शब्द यायला पाहिजेत. कुणाला हाक मारतेस, तू कोण, कुठं, किती उंचीवर, काय पाहिजे. बास. यात शेक्सपियर कुठं आला?”

ठरीव शब्दांचा हा हट्ट रक्ताने लिहिलेला आहे. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका कप्तानाला उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. सहवैमानिकाचं वाक्य अर्धवट अर्थाचं होतं. नियंत्रकाचं ‘थांबा’ आणि दुसऱ्या विमानाचा इशारा एकाच क्षणी बोलले गेले आणि कानात नुसती शीळ उरली. तेव्हापासून ‘टेकऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा मागे घेतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी जंबो आणि कझाक मालवाहू विमान हवेत एकमेकांवर धडकली, ३४९ जण गेले. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहायला आणि चौदा हजारांवर समोरून विमान येतंय हे सांगितलं होतं. रेडिओवर बोलणारा एक, विमान चालवणारा दुसरा, आणि विमान पंधरा हजारांच्या खाली आलं.

“पण ही सगळी मोठी विमानं, मामा.”

“लहान विमानाचं पाहिजे? बारामती तर शेजारीच आहे.”

२८ जानेवारी २०२६ च्या सकाळी बारामतीला उतरताना लिअरजेट ४५ हे लहान जेट कोसळलं आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने त्या दिवशी घटनाक्रम जाहीर केला. बारामती ही तेव्हा अनियंत्रित धावपट्टी होती. वाहतुकीची माहिती तिथल्या प्रशिक्षण संस्थांमधले प्रशिक्षक आणि वैमानिक देत असत. विमानाला स्वतःच्या निर्णयाने, बघून खाली यायला सांगितलं गेलं. दृश्यमानता सुमारे ३००० मीटर कळवली होती. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान वर गेलं. दुसऱ्या खेपेला आधी ‘दिसत नाही’, मग काही सेकंदांत ‘दिसली’ असं कळवलं. ८ वाजून ४३ मिनिटांनी ११ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायची परवानगी दिली गेली. ती परत म्हटल्याचा आवाज आला नाही. ८ वाजून ४४ मिनिटांनी धावपट्टीच्या टोकाजवळ ज्वाळा दिसल्या.

या प्रसंगावर घरातल्या घरात निकाल द्यायला मामांनी साफ नकार दिला, आणि ते योग्यच होतं. अपघाताचं कारण गच्चीवर बसून ठरत नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, “रीडबॅक आला नाही की मनोऱ्यातल्या माणसाच्या लेखी ते वाक्य पोचलेलंच नसतं.”

“पण त्या क्षणी हात आणि डोळे दुसऱ्याच कामात असतील तर?” भाची म्हणाली. “आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. आधी विमान सांभाळ, मग वाट सांभाळ, मग बोल. बोलणं तिसरं. जमिनीजवळ हात रिकामा नसला तर मी गप्प राहणार, तुम्ही काहीही म्हणा. आणि २५ मे २०१७ ला निलंग्याला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडता उडता तारांत अडकलं. सुदैवाने सगळे वाचले. त्या तारा कुठल्या रेडिओनं सांगितल्या असत्या?”

“कुठल्याच नाही. तारा बोलत नाहीत. विमानं बोलू शकतात.”

तिसऱ्या क्रमांकाचं म्हणजे ऐच्छिक नव्हे, हे मामांचं म्हणणं. क्रम गर्दीच्या क्षणासाठी आहे. बाकी वेळी तिन्ही कामं करायला वेळ असतो. म्हणून हुशार वैमानिक आधीच बोलून ठेवतो. धावपट्टी दहा मैलांवर असताना, हात मोकळे असताना आपली जागा आणि हेतू सांगतो. म्हणजे शेवटच्या मैलात तोंड उघडायची वेळ कमी येते. भाचीला हे पटलं, पण ते मामांचं म्हणून नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे हे तिच्या बाजूचंच होतं, कारण जवळ आल्यावर गप्प राहायला यातून मुभा मिळते. वकिली कुठून शिकली, असं मामांनी विचारलं.

मग त्यांनी तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे असायची. नव्या भारतीय वायुयान कायद्याने, १ जानेवारी २०२५ पासून, हा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आला. धाक मात्र तोच राहिला आहे.

“वाट चुकलीस. खाली नदी आहे, पण कुठली ते कळेना. काय करशील?”

“चढणार. वर गेलं की दिसतं जास्त आणि ऐकूही जास्त जातं.”

“मग?”

“मुंबईची फ्रिक्वेन्सी, नाही लागली तर १२१.५. वाट चुकलेय हे स्पष्ट शब्दांत सांगणार. शेवटची ओळखलेली खूण, त्यानंतर किती मिनिटं कुठल्या दिशेनं उडाले, इंधन किती तासांचं.”

“इंधन आधी सांग. १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ आव्हियांकाचं विमान इंधन संपून पडलं, त्र्याहत्तर जण गेले. इंधन कमी आहे असं ते सांगत होते, पण ‘आणीबाणी’ म्हणाले नाहीत. बरं, रेडिओच बंद पडला तर?”

“ट्रान्सपॉन्डरवर ७६००. स्वच्छ हवेतच राहायचं, जवळचं योग्य विमानतळ गाठायचं, वाहतूक बघत फेरीत शिरायचं आणि मनोऱ्यातल्या दिव्याकडे बघायचं. स्थिर हिरवा दिसला तर उतरायची परवानगी. स्थिर लाल, तर दुसऱ्याला वाट देऊन फेऱ्या मारत राहायचं. लुकलुकता लाल, तर विमानतळ धोक्याचा, उतरायचं नाही. दिवसा पंख हलवून पोच द्यायची.”

“म्हणजे रेडिओ नसतानाही तू बोलतेसच की.”

“तेवढं बोलायला माझी हरकत कधीच नव्हती.”

“आणि उतरल्यावर?”

“उतरल्यावर घरी फोन. आई काळजीत असते.”

“चूक. आधी वाहतूक नियंत्रणाला कळवायचं, मिळेल त्या सगळ्यात जलद मार्गानं. नाही तर इकडं तू चहा पीत बसशील आणि तिकडं तुला शोधायला माणसं निघतील. आईला नंतर.”

“हे आईसमोर म्हणून दाखवा,” भाची म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.